बाबांच्या शर्टाची बटणं

सांधेदुखीमुळे बाबांना बटणं लावता येईनात. टी-शर्टसाठी खांदा वर जात नाही, आणि त्यांना हवा शर्टच. मग बटणं काढून तीच काजांवर बाहेरून शिवली. दिसायला शर्ट तसाच. आतून वेलक्रोचे छोटे चौकोन लावले. सलग पट्टीने कापड ताठ होतं, उघडताना ओढावं लागतं. वेलक्रोची खरखरीत बाजू शर्टाच्या खाली राहणाऱ्या बटणपट्टीवर, तोंड बाहेर, म्हणजे अंगाला टोचत नाही. धुण्याआधी वेलक्रो मिटवायचं, नाहीतर धागे अडकून पकड जाते. चुंबकाची बटणंही मिळतात, पण बाबांना पेसमेकर आहे, चुंबकाने त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो, म्हणून ती बाद.

कफाचं बटण इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिवलं. आता ते लावलेलंच असतं, हात सरळ आत जातो. आणि हो, घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. निम्मी कटकट यानेच मिटली.