नदीकाठच्या रिसॉर्टात मेंबर म्हणून: गोव्याला निघण्यापूर्वीची तयारी

हॉटेल साखळ्यांची मेंबरशिप म्हणजे मुक्काम आणि खर्चावर पॉइंट आणि गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देणारी योजना. तिचे निम्मे घोळ बुकिंग करतानाच होतात, म्हणून तयारीची सुरुवात तिथून करा. प्रवासी अॅपवर खोली हजार-बाराशेने स्वस्त दिसते. पण मोठ्या साखळ्यांत अशा बुकिंगवर सहसा पॉइंट मिळत नाहीत, मुक्कामाच्या रात्री दर्जासाठी मोजल्या जात नाहीत आणि मेंबरचा दर्जाही धरला जाईलच असं नाही. हॉटेलच्या स्वतःच्या अॅपवर लॉगिन करून मेंबरचा दर पाहा. तो बऱ्याचदा त्या स्वस्त दराच्या जवळ येतो. बुकिंग झालं की कन्फर्मेशनवर मेंबर क्रमांक दिसतोय ना, हे त्याच दिवशी तपासा. नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि मेंबरशिप जुन्याच नावावर राहिली, तर काउंटरवर मागे रांग वाढत असताना तो गुंता सुटत नाही.

गोव्यात लग्नाला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. यजमानांनी ठोक भावात घेतलेल्या खोल्यांपैकी एक तुमच्या वाट्याला आली असेल आणि बिल तेच भरणार असतील, तर पॉइंट बहुधा तुम्हाला मिळत नाहीत. हे हॉटेलला आधी ईमेलने विचारा. यजमानांना विचारू नका, त्या दिवसांत त्यांच्या डोक्याला पुरेसा ताप असतो.

आता दर्जाबद्दल, कारण ‘गोल्ड’ हा शब्द लोकांना फसवतो. हिल्टनच्या ‘ऑनर्स’ योजनेतल्या गोल्डला भारतात फुकट नाश्ता मिळतो, मॅरियटच्या ‘बॉनव्हॉय’मधल्या गोल्डला मिळत नाही. बॉनव्हॉयमध्ये नाश्त्याचा प्रश्न प्लॅटिनमपासून पुढे येतो आणि त्या दर्जाला वर्षात ५० रात्रींचा मुक्काम लागतो. जिथे फुकट नाश्ता आहे तिथेही तो सहसा मेंबर आणि त्याच खोलीतला आणखी एक पाहुणा, एवढ्यांपुरताच असतो. चौघांचं कुटुंब असेल तर उरलेल्या दोघांचा हिशेब आधी करा. मुलांना कितव्या वर्षापर्यंत फुकट, हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं. नाश्त्यासकटचा दर आणि साधा दर यांतला फरक दोन जणांच्या नाश्त्यापेक्षा कमी असेल, तर डोळे झाकून नाश्त्यासकटचा दर घ्या.

उशिरा खोली सोडण्याचंही तसंच. बॉनव्हॉयच्या प्लॅटिनमला दुपारी ४ पर्यंत खोली ठेवण्याची हमी असते, पण रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं त्या हमीतून वगळलेली आहेत. तिथे ‘खोली रिकामी असेल तर’ ही अट लागते. शहरातल्या हॉटेलात सवय लागलेली माणसं गोव्यात येऊन काउंटरवर वाद घालतात ते यामुळेच. नियम हॉटेलच्या बाजूने आहे, तेव्हा आवाज चढवून काही पदरात पडत नाही. परतीचं विमान रात्रीचं असेल तर पंचांग उघडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लग्नाचा मुहूर्त असलेल्या दिवशी रिसॉर्टच्या निम्म्या खोल्या वऱ्हाडाकडे असतात. दुपारी १२ ला खोली सुटते आणि ३ ला पुढचं वऱ्हाड दारात उभं. अशा तारखेला उशिराची आशा सोडा आणि सामान ठेवायला जागा, पोहून झाल्यावर अंघोळीला शॉवर मिळेल का, एवढंच लिहून विचारा. हे सहसा कुणी नाकारत नाही.

२४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टांत सक्तीचं गाला डिनर असतं आणि त्याचे पैसे माणशी वेगळे. खोली पॉइंटवर घेतली तरी ते भरावे लागू शकतात. बुकिंगच्या अटींत शेवटच्या ओळींत कुठेतरी ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. रद्द करण्याची मुदतही तिथेच असते. एरवी एक-दोन दिवसांवर असलेली ती मुदत नाताळच्या आठवड्यात बरीच मागे गेलेली असते.

मुक्काम नदीवर आहे, म्हणजे खोली निवडताना पाण्याचा विचार आला. समुद्रावर ओहोटी आली की वाळू वाढते, नदीवर ओहोटी आली की चिखल दिसतो. मांडवी, झुआरी, साळ, शापोरा या सगळ्या नद्यांत खाऱ्या पाण्याची भरती दिवसातून दोनदा बरीच आत शिरते. फोटोत दिसणारी काठोकाठ भरलेली नदी हे चोवीस तासांतल्या काही तासांचंच दृश्य आहे. ओहोटीला खारफुटीची मुळं उघडी पडतात आणि कुजलेल्या पानांचा उग्र वास सुटतो. नाक मुरडून तक्रार नोंदवण्यात अर्थ नाही, खारफुटी असेल तिथे तो असणारच.

कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची जुनी पद्धत आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गोव्यात भरती त्या हिशेबाच्या थोडी आधी येते, आणि नदीत जितकं आत जावं तितकी उशिरा पोचते. अंदाजाला एवढं पुरे, नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. यातून एक गंमतशीर गोष्ट निघते. चांदणं पाहायला म्हणून लोक पौर्णिमेची तारीख धरतात, पण पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारच्या आत मोठी भरती होऊन जाते आणि संध्याकाळी, सूर्य बुडायच्या सुमारास, पाणी सगळ्यात खाली असतं. बाल्कनीत चहा घेऊन बसावं तर समोर चिखल आणि बगळे. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते आणि पाणी खाली जातं तेही बेताचं, म्हणजे काठ फारसा उघडा पडत नाही. बगळे, खंड्या पाहायचे असतील तर मात्र ओहोटीचीच वेळ हवी. बुकिंगची तारीख हलवता येत असेल तर हे ध्यानात ठेवा. पैशांतला फरक शून्य, दृश्यातला भरपूर.

‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे थेट समोर की मान वाकडी करून, हे विचारा. पणजीजवळ मांडवीवर असाल तर कॅसिनोंची जहाजं समोर नांगरलेली असतात आणि संध्याकाळच्या क्रूझ बोटी खिडकीसमोरून जातात. दिवे सुरेख दिसतात, पण संगीतही ऐकू येतं. लहान मूल किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर वरच्या मजल्यावरची, धक्क्यापासून आणि लग्नाच्या लॉनपासून लांबची खोली मागा. मागणी कशी करायची तेही सांगतो. पोचण्याच्या तीन-चार दिवस आधी हॉटेलच्या रिझर्वेशन विभागाला एक छोटी ईमेल पाठवा. तिच्यात कन्फर्मेशन क्रमांक, मेंबर क्रमांक आणि दर्जा, पोचण्याची वेळ, खोलीबद्दल एकच मागणी, उशिरा सोडण्याची हवी ती वेळ, आणि त्या तारखांना आवारात लग्न आहे का हा प्रश्न, एवढंच असू द्या. सात मागण्या लिहिल्या की सातही ‘नोंद घेतली आहे’ या खात्यात जातात. उत्तर येईल त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. काउंटरवरच्या मुलाशी बोलताना तोच उपयोगी पडतो.

ओळखपत्र खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते घेत नाहीत. मुलांचंही आधार बरोबर घ्या, फुकट नाश्त्याच्या वयावरून वाद झाला तर तेच दाखवायचं. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड न्या. डेबिट कार्डावर अडवलेली रक्कम खात्यातून गेल्यासारखीच असते आणि मोकळी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. ऐन सहलीत खात्याला खडखडाट नको.

विमानाचं तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. मोपा पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. दाबोळी मध्यावर, वास्कोजवळ. शापोरा किंवा बागा नदीवर उतरणार असाल तर मोपा सोयीचं. साळ नदीवर केळशी-मोबोरकडे जायचं असेल तर दाबोळी, कारण मोपाहून तिथवर राज्य उभं ओलांडावं लागतं आणि विमानात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. रेल्वेने येणाऱ्यांनी उत्तरेसाठी थिवी, पणजी-रायबंदर-जुने गोवे पट्ट्यासाठी करमळी आणि साळ नदीसाठी मडगाव धरावं. टॅक्सी हॉटेलकडून, विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरवरून किंवा गोवामाइल्स अॅपवरून, तिन्हीचे दर पाहून ठरवा. नदीकाठच्या आतल्या रस्त्यावर रात्री उशिरा गाडी मिळणं कठीण, तेव्हा जेवायला बाहेर जाताना परतीची सोय लावूनच निघा. भाड्याची दुचाकी घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण ती खासगी असते आणि पोलिसांनी अडवलं की स्वस्ताई संपते.

मांडवीच्या काठावर, विशेषतः रायबंदर ते जुने गोवे या पट्ट्यात उतरणार असाल तर ३ डिसेंबर आठवणीत ठेवा. त्या दिवशी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतं आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. पहाटेपासून रस्ता भरलेला. विमान पकडायचं असेल तर दीड तास जास्त धरा. त्याच पट्ट्यातून फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडी बेटावर जाता येतं. चोडणला उतरल्यावर सलीम अली पक्षी अभयारण्य लगेच लागतं. पायी जाणाऱ्याला फेरीचं भाडं नाही. सकाळी लवकर जा, दुपारी पक्षीही झोपतात आणि आपणही.

बॅगेत नेहमीच्या कपड्यांखेरीज काय घ्यायचं ते खारफुटी ठरवते. अंधार पडायच्या वेळी डासांबरोबर बारीक चिलटंही येतात, इतकी बारीक की जाळीतून आत शिरतात, आणि त्यांचा चावा दोन-दोन दिवस खाजतो. डास पळवणारं मलम, खाज शमवणारं लोशन, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी अंग झाकणारे सुती पायजमे घ्या. संध्याकाळी ६ ते ७:३० बाल्कनीचं दार बंद ठेवा, आतला दिवाही मालवलेला बरा. पायात मागे पट्टा असलेली रबरी चप्पल किंवा जुने बूट हवेत. धक्क्याच्या पायऱ्या नीट पाहा: एका ठराविक रेषेच्या खाली दगड हिरवागार, बुळबुळीत असतो आणि त्याला कालवांची धारदार शिंपलं चिकटलेली असतात. ती रेषा म्हणजे भरतीचं पाणी चढतं तिथवरची खूण. तिच्याखाली अनवाणी पाऊल ठेवलं की पाय घसरतो, आणि सावरायला हात टेकला की तळहात फाटतो.

नदीत पोहू नका, तरण तलाव त्यासाठीच आहे. समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, हॉटेलमागच्या नदीवर नसतात. ओहोटीची ओढ नदीच्या मुखाकडे असते आणि वरून पाणी संथ दिसतं, हाच धोका. शिवाय कुंभारजुवे कालव्याच्या भागात मगरी आहेत, तिथे त्या पाहायला बोटी नेतात. कयाक घ्यायचा असेल तर भरती चढत असताना आतल्या बाजूला वल्हवत जा आणि पाणी फिरलं की त्याच्याबरोबर परत या. उलटं केलंत, ओहोटीत मुखाकडे गेलात, तर परतताना हात गळून जातात. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावा. खांदे धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत सरकलं, तर माप मोठं आहे, बदलून घ्या. पावसाळ्यात बोटी बहुधा बंदच असतात. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. त्या दिवसांत नदीतले मासे आणि खेकडे मागावेत.

बिलाचं गणित आधीच मांडून ठेवा. खोलीचा दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्येही १८ टक्के लागतो, मग तुमची खोली पॉइंटवर फुकट का असेना. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा वेगळा कर असतो, म्हणून जेवणाच्या बिलात दोन हिशेब दिसतील. पॉइंट कर वगळून उरलेल्या रकमेवर मिळतात. खाणंपिणं खोलीच्या खात्यावर टाकलंत तरच ते मोजलं जाण्याची खात्री; यूपीआयने जागच्या जागी भरलेलं बऱ्याचदा निसटतं. स्पा, दागिन्यांचं दुकान, बोटवाला यांनी आवारात जागा भाड्याने घेतलेली असेल तर तिथल्या खर्चावर काही मिळत नाही. खोलीच्या खात्यावर चालेल का, एवढं विचारलं की उत्तर कळतं.

निघण्याच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागवा. सकाळी १० ते १२ काउंटरवर झुंबड असते आणि मिनीबारच्या दोन बाटल्यांवरून खल करायला कुणाला वेळ नसतो. अंतिम बिलावर मेंबर क्रमांक छापलाय का ते पाहून पीडीएफ ईमेलवर घ्या. दोन मेंबर एका खोलीत राहिले तर पॉइंट एकाच्याच खात्यावर जातात, कुणाच्या ते तिथेच ठरवून टाका. पॉइंट सहसा आठवडा-दहा दिवसांत दिसतात. नाही दिसले तर अॅपमध्ये राहिलेल्या मुक्कामाची नोंद करण्याचा अर्ज असतो, त्याला हीच पीडीएफ जोडायची. बॉनव्हॉय असो की हिल्टन, खात्यावर २४ महिने काहीच हालचाल नसेल तर साठलेले पॉइंट बाद होतात, तेव्हा जुन्या शिलकीची तारीखही त्याच बैठकीत पाहून घ्या.