आधी वाडी शोधा, मग किल्ला: स्कॉटलंडमधल्या कुळमेळाव्याला जायची तयारी

आमचे जावई कॅनडातले, आडनाव मॅकफर्सन. लग्नाला दोन वर्षं झाली आणि त्यांनी बेत मांडला: ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या न्यूटनमोर गावात आमच्या क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, मेळावा असतो, यंदा सगळेच जाऊ. क्लॅन म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घराण्याची दोन कुलसंमेलनं मी पाहिली आहेत. छातीवर बिल्ला, दारात कुलवृत्तांताची विक्री आणि भेटेल त्याचा पहिला प्रश्न, 'तुम्ही कुठल्या शाखेचे?' न्यूटनमोरला हेच सगळं निघालं. सनईच्या जागी बॅगपाइप, इतकंच.

तयारीत मात्र आम्ही एक चूक केली. आडनाव हातात आहे म्हटल्यावर आडनावाचा किल्ला गाठायला निघालो. जावयांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेले, की आपण क्लूनी कॅसलचे. पहिला अख्खा दिवस क्लूनीला गेला, म्हणजे फाटकाबाहेर गेला. तो वाडा कर्जापायी कुळाच्या हातून कधीच सुटला, आज खासगी आहे. आणि पुढे कागद नीट पाहिले तेव्हा कळलं, यांची माणसं मुळात तिथली नव्हतीच. तुमच्या घरात स्कॉटिश सून किंवा जावई असेल आणि असा बेत शिजत असेल, तर आमच्यापेक्षा शहाण्या क्रमाने जा.

१. आडनावावर विसंबू नका

गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं. ऐकून वाटतं, सगळी एका रक्ताची. तसं नाही. चीफच्या, म्हणजे कुळप्रमुखाच्या, जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली माणसंही त्याचंच आडनाव लावायची. उलटही व्हायचं. मॅकग्रेगर हे नावच १६०३ मध्ये बेकायदा ठरवलं गेलं आणि कायमचं मोकळं व्हायला १७७४ उजाडलं. मधल्या काळात त्यांच्यातले कुणी ग्रँट झाले, कुणी मरे, कुणी चक्क हाडवैरी कॅम्पबेल. मॅकफर्सनचा अर्थ 'पाद्र्याचा मुलगा'. आता पाद्री काय एकाच गावात होता?

म्हणून शोधायचं ते पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावांचा पुंजका, आणि जमलं तर त्यातली वाडी. ही शोधाशोध स्कॉटलंडला पोचल्यावर करायची नसते, घरी बसून करायची असते. सुरुवात स्थलांतर केलेल्या देशातल्या कागदांपासून करा: जुनं बायबल असेल तर त्याचं पहिलं पान, थडग्यावरचा मजकूर, मृत्यूचा दाखला. आमच्याकडे बायबलात 'किंग्यूसी' एवढा एक शब्द होता. किंग्यूसी हे एक पॅरिश, आणि क्लूनी येतं ते त्याच्या शेजारच्या लॅगन पॅरिशमध्ये. हा शब्द आधी वाचला असता तर फाटकाबाहेरचा दिवस वाचला असता.

२. सरकारी नोंदी

स्कॉटलंडचं काम या बाबतीत फार चोख आहे. 'स्कॉटलंड्स पीपल' हे तिथलं सरकारी संकेतस्थळ. नाव नोंदवून सूची फुकट चाळता येते, मूळ पानाचं चित्र पाहायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. १ जानेवारी १८५५ पासूनची जन्म, विवाह, मृत्यूची सक्तीची नोंदणी तिथे आहे, त्याआधीची १५५३ पर्यंत मागे जाणारी चर्चची रजिस्टरं आहेत आणि १८४१ ते १९२१ ची दर दहा वर्षांची जनगणना आहे.

पूर्वज १८५५ नंतर कधीही तिथे मेला असेल तर सोनंच. दाखल्यावर आईचं माहेरचं आडनावही असतं. १८५५ या एका वर्षाचे दाखले तर इतके तपशीलवार आहेत, की जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं आणि आधीच्या मुलांची संख्याही सापडते. कारकुनांना ते झेपेना, पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. त्या वर्षी घरातलं एखादं भावंड जन्मलं किंवा मेलं असेल तर आधी त्याचा दाखला काढा, मग तुमच्या थेट पूर्वजाचा.

१८५५ च्या मागे गेलात की धुकं वाढतं. चर्चच्या वहीत जन्म नाही, बाप्तिस्मा असतो. कॅथलिकांच्या वह्या वेगळ्या, मृत्यूच्या नोंदी तर क्वचितच. आणि नावांचा गोंधळ! पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी रीत होती. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्याला यात नवल नाही, पण परिणाम असा, की एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे पाच-सहा डोनाल्ड मॅकफर्सन भेटतात. त्यांना वेगळं करायला दोनच खुणा: बायकोचं माहेरचं आडनाव आणि वाडीचं नाव. सुदैवाने रजिस्टरात वाडीचं नाव लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. मॅकच्या स्पेलिंगवर अडू नका, एकाच माणसाचं तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल.

वाडीचं नाव मिळालं की स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुने नकाशे उघडा. फुकट आहेत. एका बाजूला एकोणिसाव्या शतकातला सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र ठेवता येतं. नकाशात छप्पर असलेलं घर भरीव दाखवलेलं असतं, छप्पर गेलेल्याची नुसती रेघ. जावयांची वाडी आम्ही अशीच पाहिली, ग्लेन बँकरच्या खोऱ्यात, नुसत्या रेघा. मोठा कॅनडाचा माणूस, पण बराच वेळ काही बोलला नाही.

३. मेळाव्याची तारीख आधी, तिकीट नंतर

प्रत्येक कुळाचा मेळावा दरवर्षी नसतो. मॅकलाउडांची 'पार्लमेंट' स्काय बेटावर डनव्हेगनला चार वर्षांतून एकदा भरते. मॅकफर्सनांचा मेळावा वार्षिक, ऑगस्टच्या पहिल्या शनिवाररविवारच्या सुमारास, कारण त्याच शनिवारी न्यूटनमोरचे हायलंड गेम्स, म्हणजे पारंपरिक मैदानी खेळ, असतात. तारीख त्या-त्या कुळाच्या संस्थेकडून पक्की करून घ्या आणि त्याच टपालात सभासद व्हा. आडनाव नसलं तरी लग्नसंबंधाने आलेल्यांना बहुधा हसत घेतात, मला घेतलं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एकदम स्कॉटलंड गाठायच्या आधी जुलैत नॉर्थ कॅरोलायनातला ग्रँडफादर माउंटन मेळावा पाहावा. १९५६ पासून भरतो, आणि तिथे कुळागणिक तंबू असतात, तिथेच चौकशी होते.

भारतीय पारपत्र असेल तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण मुक्कामाची जागा त्याच्या कितीतरी आधी बघा. न्यूटनमोर चिमुकलं आहे आणि त्या आठवड्यात जगभरचे मॅकफर्सन तिथे उतरतात. जागा नसेल तर पाचेक किलोमीटरवर किंग्यूसी आहे. पर्थ ते इन्व्हरनेस रेल्वे दोन्ही गावांवरून जाते, पण न्यूटनमोरला थोड्याच गाड्या थांबतात. मोटार घेतलीत तर गाडी आपल्यासारखीच डावीकडून. आडरस्ते एका गाडीच्या रुंदीचे, समोरून कुणी आलं की 'पासिंग प्लेस'च्या खाचेत थांबायचं आणि हात हलवायचा. हात न हलवणं उद्धट समजतात.

४. मेळाव्यात वागायचं कसं

चीफला 'मिस्टर' म्हणत नाहीत, जहागिरीच्या नावाने हाक मारतात. मॅकफर्सनांचा चीफ म्हणजे नुसता 'क्लूनी'. पहिल्यांदा जीभ अडखळते. कोल्हापूरकर, सातारकर म्हणतो तसं समजायचं.

किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागरा, भाड्याने मिळतो, आणि अमुक टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, अमक्यानेच घालावं असा कायदा नाही. बिल्ल्याचं मात्र भान ठेवा. मॅकफर्सनांच्या बिल्ल्यावर रानमांजर आहे आणि भोवती ब्रीद, ज्याचा अर्थ 'हातमोज्याशिवाय मांजराला हात लावू नका'. ते चिन्ह चीफचं. कुळातल्या इतरांनी ते पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात बसवलेलं लावायचं, म्हणजे 'मी या चीफचा माणूस' असा त्याचा अर्थ. दुकानं 'तुमच्या आडनावाचं मानचिन्ह' म्हणून ढाल विकतात, ती घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं, आणि त्यावर लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याचं रीतसर न्यायालय आहे.

बायकांनी टार्टनची सॅश, म्हणजे लांब पट्टा, उजव्या खांद्यावर पिनेने लावायची, डावा खांदा चीफच्या बायकोचा मान. मी पैठणी नेसले होते. पदर डाव्या खांद्यावर, सॅश उजव्या, दोन्ही आपापल्या जागी. कुणाचं काही बिघडलं नाही, उलट फोटोसाठी रांग लागली. रात्री 'केली' असते, म्हणजे वाद्यं आणि नाच. पायऱ्या सांगतात आणि चुकलात तरी शेजारची आजी दंडाला धरून वळवते. पैठणीत 'स्ट्रिप द विलो' करू नका, एवढं अनुभवाने सांगते. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ शाकाहारीही मिळतो, आधी कळवा.

गावातलं कुळाचं संग्रहालय १९५२ पासूनचं. तिथे एक मोडकी फिडल, म्हणजे व्हायोलिन, आहे. १७०० मध्ये बॅन्फला फाशी गेलेल्या जेम्स मॅकफर्सनची, असं सांगतात. त्याने फासाखाली वाजवून ती लोकांपुढे धरली, कुणी घेईना, तेव्हा आपटून फोडली. बोलायला विषय हवा असेल तर आपल्याकडचेही आहेत. वॉरन हेस्टिंग्जनंतर १७८५-८६ मध्ये हिंदुस्थानचा हंगामी गव्हर्नर जनरल सर जॉन मॅकफर्सन होता. आणि कुणी मॅकेंझी भेटला तर त्याला जालना जिल्ह्यातल्या असईबद्दल विचारा. १८०३ मध्ये तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेली ७८ वी हायलंडर पलटण त्यांच्याच चीफने, सीफोर्थने, दहा वर्षं आधी उभी केली होती. मी हे काढलं तेव्हा आमच्या टेबलावर दोन खुर्च्या आणखी ओढल्या गेल्या.

५. वाडीवर जाताना

थेट उजाड वाडीवर गेलात तर गवतातले दगड दिसतील आणि हिरमोड होईल. आधी न्यूटनमोरचंच हायलंड फोक म्युझियम करा. तिथे अठराव्या शतकातली एक वाडी उत्खननाच्या आधारे पुन्हा बांधली आहे: लाकडी कमानी, हिरवळीच्या ढेकळांच्या भिंती, वर गवत, आत मध्यभागी चूल आणि धूर छपरातूनच झिरपणारा. डोळे चुरचुरतात. कपड्यांना तो वास दोन दिवस राहिला. हे पाहून मग ग्लेन बँकरला गेलं की गुडघाभर दगडांवर घर आपोआप उभं राहतं. भोवती हेदर नावाची तपकिरी झुडपं आणि मधेच एखादा तुकडा लख्ख हिरवा दिसला तर ते शेत होतं, पिढ्यान्पिढ्यांच्या शेणखताने अजून हिरवं. दगडांच्या कडेने नेटल नावाच्या झुडपाचं रान माजलेलं असलं तर तिथे माणसं-गुरं राहत होती. हात लावू नका, आग होते.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक रानावनातून चालत जाता येतं. फाटक जसं असेल तसंच ठेवून जायचं, दगड हलवायचा नाही. शरदाच्या सुमारास हरणांची शिकार चालते, तेव्हा गावात विचारून निघा. दफनभूमीत थडगं वाचता येत नसेल तर खरवडू नका. विजेरी बाजूने तिरपी धरली की अक्षरं उठून दिसतात. बायकोचं माहेरचं आडनाव तिथेही कोरलेलं असतं. मिज नावाची चिलटं वारा पडला की तुटून पडतात. डोक्यावरून घ्यायची जाळी गावातच मिळते, लाजू नका.

आणि माती. पूर्वजांच्या जागेची चिमूटभर माती न्यावी हे जावयांना मीच सुचवलं होतं. रुमालही काढला. मुलीने फोनवर नियम वाचून दाखवला: परवान्याशिवाय कॅनडात माती नेता येत नाही, बुटाला चिकटलेलीसुद्धा. शेवटच्या संध्याकाळी मुक्कामाच्या मागच्या अंगणातल्या नळावर आम्ही चौघांचे बूट जुन्या दातघाशीने घासले.