सत्त्याहत्तरमधला सात

‘१ ते १०० या संख्यांमध्ये ७ हा अंक किती वेळा येतो?’ शिष्यवृत्तीचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी फळ्यावर लिहिलेला असतो. उत्तर वीस. २ ते ९ पैकी कुठलाही अंक विचारला तरी वीस, १ विचारला तर एकवीस, शून्य विचारलं तर अकरा. मुलांकडून हे आपण पाढ्यांसारखं घोटून घेतो.

माझं नोकरीचं तिसरं वर्ष, शिक्षणसेवकाचा काळ संपत आलेला. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, ७७ मधी सात दोनदा मोजायचा काय?” जादा तास संपायला दहा मिनिटं होती आणि सराव पेपरातले बारा प्रश्न उरले होते. मी म्हटलं, “उत्तर वीस. लिही आणि पुढं चल.” संध्याकाळी वह्या तपासताना त्याच्या वहीत १९ आणि २० अशी दोन उत्तरं दिसली, दोन्हींवर काट मारलेली. सात ज्यांच्यात आहे अशा संख्या एकोणीस आणि लिहिले जाणारे सात वीस. प्रश्नात ही फट आहे हे त्याला दिसलं होतं. मला मात्र वहीतली खाडाखोड तेवढी दिसली. पंधरा दिवसांनी मी त्याला जादा तासातून कमी केलं. कारण काय, तर पेपर पूर्ण होत नाही.

तुम्ही नव्याने रुजू झाला असाल तर पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापक विचारतील, “तुमच्या वर्गात हुशार किती?” मला विचारलं तेव्हा मी दोन मिनिटांत आठ नावं सांगितली होती. पुढे कधीतरी ती यादी पुन्हा हातात आली. आठही जणांचं अक्षर चांगलं, गृहपाठ रोजचा, हात कायम वर. पाच जणांच्या घरात कोणीतरी पगारदार. कोल्हापूरच्या बाजूला शिष्यवृत्तीचा निकाल म्हणजे गावाचा मान असतो, गुणवत्ता यादीत मूल आलं की वेशीवर फ्लेक्स लागतो. त्यामुळे यादी देताना आपण हुशार मूल शोधत नसतो, फ्लेक्सवर जाईल असं मूल शोधत असतो. हे कोणी उघड बोलत नाही, पण तुम्हाला आठवडाभरात कळेल.

आपल्याकडे ‘हुशार मुलं ओळखणं’ बहुतेक वेळा परीक्षेवरच सोपवलेलं असतं, म्हणून आधी परीक्षांबद्दल. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१७ मध्ये पाचवी-आठवीला आली, आणि २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे. इयत्तांचा घोळ पुन्हा होऊ शकतो, म्हणून दरवर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्या पेपरात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. दीड तासात पंचाहत्तर म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच वाचायचं, विचार करायचा आणि गोल रंगवायचा. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवावे लागायचे. मला तो बदल आवडला होता, कारण एक उत्तर सापडल्यावरही थांबायचं नाही हे तिथे शिकावं लागायचं.

नवोदयची निवड चाचणी वेगळी. सहावीच्या प्रवेशासाठी, ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यात निम्मे गुण मानसिक क्षमतेला, म्हणजे आकृत्यांना. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. सहावी आणि नववीसाठी मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. लेखी परीक्षेतून वर गेलेल्यांना तिथे प्रयोग करून दाखवावे लागतात, पुढे प्रकल्प आणि मुलाखतही असते. हात चालणारी मुलं तिथे दिसतात. पण त्यासाठी आधी लेखीचा उंबरा ओलांडावा लागतो आणि खेड्यातल्या किती शाळा अर्ज भरतात हे आपण जाणतोच.

या परीक्षा वाईट नाहीत. मी दहा वर्षं तयारी घेते आहे, यापुढेही घेईन. अडचण एवढीच की वर्षभर आकृत्यांचा सराव करून घेतल्यावर बुद्धिमत्तेचा पेपर बुद्धिमत्ता मोजतो की सराव, हे आपल्यालाही सांगता येत नाही. आरशातली प्रतिमा, घड्याळाचे कोन, दिनदर्शिकेतले वार या सगळ्याच्या युक्त्या आपणच शिकवतो. मग निवडलं कोणाला जातं? ज्याला युक्ती सांगणारं कोणी भेटलं त्याला.

आता त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. दिवाळीनंतर त्याच्या घरी गेले होते, गैरहजेरीच्या कामाने. आई गोठ्यात होती. म्हणाली, “बाई, ह्ये पोरगं आजीशी भांडतंय. डेअरीचं बिल आलं की घेऊन बसतंय.” घरी दोन म्हशी. एक नुकती व्यालेली, तिच्या दुधाला फॅट, म्हणजे ज्यावर दर ठरतो तो स्निग्धांश, कमी लागायची. दुसरी आटत आलेली, तिचं दूध थोडं पण घट्ट. आजीचा हिशेब असा की चांगल्या दुधाला चांगला दर मिळावा, म्हणून दोन किटल्या वेगळ्या घालायच्या. पोरगं म्हणत होतं, एकात ओता.

मी विचारलं, “का रे?” तो आत जाऊन दरपत्रक घेऊन आला, घडीवर फाटलेलं. बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या संस्थेच्या त्या वेळच्या दरपत्रकात सहा फॅटच्या खाली एक पॉइंट गेला की जास्त पैसे कापत होते, आणि सहाच्या वर एक पॉइंट चढला तर वाढ त्यापेक्षा कमी. म्हणजे पातळ दुधाचं जेवढं नुकसान व्हायचं तेवढं घट्ट दूध भरून काढत नव्हतं. एकत्र ओतलं की फॅट सहाच्या वर यायची आणि कापणं थांबायचं. दहा वर्षांच्या मुलाने हे दहा-दहा दिवसांची बिलं समोर ठेवून काढलं होतं. आजीला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तिथे उभ्या उभ्या नीट पटलं नाही, घरी येऊन कागदावर करून बघितलं तेव्हा पटलं.

त्याच्या प्रगतिपुस्तकावर गणिताला ‘ब-१’ होता आणि तो मीच दिला होता.

त्या वर्षी तो शिष्यवृत्तीला बसला, पण तयारी अर्धवटच झाली होती. बुद्धिमत्तेत सोडवलेले बहुतेक प्रश्न बरोबर, पण बरेच प्रश्न कोरे. यादीत नाव आलं नाही. आठवीत माध्यमिकच्या सरांनी त्याला एनएमएमएसला बसवलं, तिथे झाला. ते श्रेय त्या सरांचं.

अभ्यासात पुढे असलेलं मूल आणि वेगळ्या बुद्धीचं मूल एकच असेल असं नाही. पहिलं तुम्ही शिकवाल ते लवकर उचलतं. दुसरं कधी कधी तुम्ही शिकवलेलं उचलतच नाही, कारण ते तिसऱ्याच गोष्टीत अडकलेलं असतं. पहिल्याला पुढचा धडा द्यावा, दुसऱ्याला अवघड प्रश्न द्यावा आणि वेळ द्यावा. कधी कधी दोन्ही एकाच मुलात असतं, तेव्हा आपली चैन असते.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या शाळांत पूर्वी हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी शिक्षक आणि पालक नावं सुचवत आणि त्याच मुलांची चाचणी होई. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना भाषेवर न बेतलेली चाचणी द्यायला सुरुवात केली, आणि विशेष वर्गात गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या लक्षणीय वाढली. मुलं तीच, शाळा त्याच. पुढे पैसे नाहीत म्हणून ती पद्धत बंद झाली आणि आकडे पुन्हा खाली आले. हे वाचलं तेव्हा माझी ती आठ नावांची यादी डोळ्यांसमोर आली.

तेव्हापासून मी कोणाला निवडायच्या आधी अख्ख्या वर्गाला एक कागद देते. सात-आठच प्रश्न, बहुतेक आकृत्यांचे, शिकवलेल्या युक्त्यांत न बसणारे, आणि वेळेचं बंधन नाही. पटावरचं एकही नाव वगळायचं नाही, गैरहजर असेल त्याला आल्यावर द्यायचा. दुसरं म्हणजे मुलांनाच विचारते, “गणितात अडलं तर कोणाला विचारता? खेळात नवा नियम कोण काढतं?” मुलं आपल्यापेक्षा अचूक सांगतात. पाठीमागच्या बाकावरची दोन नावं तरी दरवर्षी येतात. आणि एक वही ठेवली आहे. त्यात मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत आणि तारीख, एवढंच. ‘हुशार’, ‘चौकस’ असले शेरे मारायचे नाहीत, सहा महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न मात्र पुन्हा वाचला की मूल समोर उभं राहतं.

बुद्ध्यंकाबद्दल एक सावधगिरी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचं कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेलं रूप जुनं आणि नावाजलेलं आहे, पण ते किंवा दुसरी कुठलीही चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच घ्यायची असते. मोबाइलवरच्या चाचण्यांवर आपण मुलाला आकडा चिकटवू नये. १३० च्या वरचे शंभरात दोन-अडीच धरतात. म्हणजे तीस-चाळीसच्या पटात असं एखादं मूल असेल, कधी नसेलही. तुमच्या वर्गात अशी सहा दिसत असतील तर यादी पुन्हा तपासा. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि १९६९ पासून त्यांची प्रशाला आहे. तिथे पाचवीच्या प्रवेशाला बुद्धिमत्ता चाचण्या असतात आणि त्यामागे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे खडू आणि ती वही.

पालकांना काय सांगायचं हे मला अजून नीट जमत नाही. “तुमचं मूल वेगळं आहे” म्हटलं की काही घरी दुसऱ्या दिवसापासून तीन क्लास लागतात, आणि काही घरी “असू दे की बाई” म्हणून विषय संपतो. हल्ली मी फक्त मुलाने काय विचारलं ते सांगते.

परवा पाचवीला तोच सातचा प्रश्न घातला. सगळ्यांनी एका सुरात “वीस!” म्हटलं. मी विचारलं, “का?” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. “बाई, शून्य शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत सगळं दोन-दोन अंकी लिवायचं. शंभर संख्या, दोनशे अंक. धा जणांस्नी वाटलं की वीस-वीस.”

“मग शून्य अकराच का?”

ती खाली बसली, वहीवर ००, ०१, ०२ असं लिहायला लागली आणि प्रत्येकातलं पुढचं शून्य खोडत गेली. ०६ पर्यंत आली होती तेव्हा घंटा झाली. बाकीची दप्तरं उचलून पळाली, ती खोडतच होती. मी वही काढून तारीख घातली.