स्मोकरची आच मंद ठेवायची तर

कोळशाच्या स्मोकरमध्ये, म्हणजे मंद धुरावर मांस शिजवायच्या बंद भट्टीत, ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान टिकवायचं असेल, तर सगळा कोळसा एकदम पेटवू नका. न पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर फक्त सात-आठ फुललेले निखारे ठेवा. आग हळूहळू खाली सरकत जाते. वरची झडप उघडीच असू द्या, नाहीतर धूर कोंडून मांस कडवट होतं. आचेवर ताबा हवा आत घेणाऱ्या खालच्या झडपेनं ठेवायचा, आणि ती ७५ अंशांनाच जवळजवळ मिटायची. एकदा पारा चढला की तो उतरता उतरत नाही! निखारे आणि मांस यांच्या मध्ये पाण्याचं पसरट भांडं हवंच, पाणी बरीच उष्णता शोषून घेतं. झाकणाला फट असेल तर दमाच्या हंडीसारखी कणकेनं लिंपा. कोंबडी असेल तर मात्र मांसाच्या आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत पोचलंच पाहिजे.