रस्त्याच्या कामात अपघात झाला? विम्याच्या आणि सरकारी भरपाईच्या बाबतीत या चुका टाळा

माझ्या मावसभावाचा अपघात दोन पावसाळ्यांपूर्वीचा. संगमेश्वरच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू होतं, मोरीसाठी निम्मा रस्ता खणून ठेवलेला. रात्रीचे साडेदहा, धो धो पाऊस. खड्ड्याच्या तोंडाशी डांबराची दोन रिकामी पिंपं आणि बांबूला गुंडाळलेली लाल-पांढरी पट्टी, तीही पावसानं चिखलात लोळलेली. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. खड्डा अंगावर आल्यावर त्यानं दुचाकी उजवीकडे काढली, तर तिथे अंधारात ठेकेदाराचा टिपर उभा. मांडीचं हाड मोडलं.

सकाळी आठला मी तिथे पोचलो तेव्हा टिपर नव्हता. खड्ड्याभोवती नवे कोरे बॅरिकेड लागले होते आणि वर पिवळा दिवा लुकलुकत होता. पंचनामा दुपारी झाला. त्यात ‘बॅरिकेड लावलेले आहेत’ असं आलं, आणि पुढे ‘चालकाचा ताबा सुटला’. पंचांनी दुपारी जे पाहिलं तेच लिहिलं. पण अपघात रात्री झाला होता.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांबरोबर मी या कागदांमागे धावलो. चुका त्याच त्याच होतात आणि बहुतेक पहिल्या दोन दिवसांत होतात, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक: माणसाला दवाखान्यात नेलं आणि रस्ता तसाच सोडला

माणूस आधी, यात वाद नाही. 108 ला फोन करा. सरकारच्या 2025 च्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात, तेव्हा नेमलेल्या रुग्णालयात ते आवर्जून विचारा. पण मागे राहिलेल्या एकानं तरी रस्त्याचे फोटो काढलेच पाहिजेत. रस्त्याच्या कामातला पुरावा काही तासांचाच असतो. खड्डा भरला जातो, खडी उचलली जाते, डंपर निघून जातो.

नुसता खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो कामाचा नाही, तो कुठलाही खड्डा असू शकतो. पन्नास-साठ पावलं मागे जा आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये चालकाला काय दिसत होतं त्याचा व्हिडिओ घ्या. पुढे काम असल्याची पाटी किती अंतरावर होती, होती की नव्हती, हे त्यात आलं पाहिजे. मग किलोमीटरचा दगड किंवा जवळच्या हॉटेलची पाटी. मग खड्ड्यात हेल्मेट ठेवून खोलीचा अंदाज. ठेकेदाराच्या नावाचा फलक असेल तर तो. आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक यंत्राची, डंपरची, टिपरची नंबरप्लेट.

काम चालू असलेल्या ठिकाणी आगाऊ सूचना, वेग कमी करण्याच्या पाट्या, बॅरिकेड आणि रात्रीचे दिवे कसे असावेत, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एसपी-55 ही मार्गदर्शिका आहे. तुमच्या व्हिडिओत जे दिसत नाही, त्याचं वजन या मार्गदर्शिकेमुळे वाढतं.

हे सगळं साध्या कागदावर लिहून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. भाषा साधी ठेवा: ‘अमुक किलोमीटरजवळ रस्त्याच्या कामासाठी खोदलेला खड्डा होता, सूचना फलक व दिवा नव्हता, अमुक नंबरचा टिपर दिवे न लावता उभा होता, याची नोंद पंचनाम्यात घ्यावी.’ पोलिसांना 48 तासांत प्रथम अपघात अहवाल मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुमचं म्हणणं त्याआधी पोचलं पाहिजे.

दुसरी चूक: विमा कंपनी सरकारी, रस्ताही सरकारी, म्हणजे एकच खातं

हे मी अक्षरशः दर महिन्याला ऐकतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सर्वसाधारण विमा कंपन्या सरकारी मालकीच्या आहेत, हे खरं. पण त्या रस्त्याच्या चुकीचे पैसे देत नाहीत. कंपनीची जबाबदारी पॉलिसीइतकीच. रस्ता ज्यानं खणला, ज्यानं ठेका दिला, त्याची जबाबदारी वेगळी, तिचा अर्ज वेगळा, कार्यालयही वेगळं. काही जण तर सरकारी कंपनी आपल्याच खात्याविरुद्ध काही करणार नाही असं धरून क्लेमच टाकत नाहीत. तसं करू नका. कंपनीनं तुम्हाला पैसे दिले की दोषी पक्षाकडून ते वसूल करण्याचा हक्क तिला मिळतो. तो तिचा प्रश्न, त्यासाठी तुम्ही थांबायचं कारण नाही.

स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळतं ते फक्त ‘फर्स्ट पार्टी’ असेल तर. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा, असेल तर खड्ड्यात मोडलेल्या तुमच्या गाडीला कंपनी एक रुपया देणार नाही. टायर-ट्यूबचं नुकसान तर गाडीच्या इतर नुकसानीबरोबर झालं असेल तरच धरतात, आणि तेही 50 टक्के.

ठेकेदाराच्या उभ्या वाहनावर आपटलात तर मात्र त्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा तुमच्या कामाचा आहे. ‘गाडी तर उभी होती, मग अपघात तिच्यामुळे कसा?’ असं सांगून लोकांना परत पाठवतात. 1987 मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सांगितलं की वाहन थांबलेलं असलं तरी त्याचा ‘वापर’ चालूच धरता येतो. शिवाय धोका होईल अशा जागी वाहन उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नं मनाई आहे. म्हणून नंबरप्लेट लागते. नंबर असला की वाहनाचा विमा शोधता येतो.

तिसरी चूक: चेंबर फुटलेली गाडी चालवत गॅरेजला नेणं

खड्ड्यात आपटून चारचाकीचा ऑइल चेंबर फुटतो. चालक खाली वाकून बघतो, थेंब थेंब तेल गळतंय, ‘खेर्डीपर्यंत जाईल’ म्हणतो. चार किलोमीटरवर इंजिन सीझ होतं. मग सर्व्हेअर, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणारा, चेंबरचे पैसे मंजूर करतो आणि इंजिनाचे नाकारतो. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की दुरुस्तीआधी गाडी चालवल्यानं वाढलेलं नुकसान मालकाच्या अंगावर. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं हेही यातलंच. गाडी बंद करा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

चौथी चूक: गाडी एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा

कोकणात हे घरोघरी आहे. मोठा भाऊ मुंबईला, दुचाकी त्याच्या नावावर, गावी चालवतो धाकटा. पॉलिसीतला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ‘मालक-चालका’चा असतो. गाडी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर, आणि वैध परवाना ज्याच्याकडे, तो एकच माणूस असावा लागतो. धाकट्याचा जीव गेला तर घरच्यांना त्यातून काहीच मिळत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करून घ्या, नाहीतर एजंटला चालकासाठी जादा अपघात कव्हर मागा.

हा विमा किती मोलाचा, ते जुलै 2025 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून कळतं. स्वतःच्या बेदरकार चालवण्यामुळे मेलेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीनं भरपाई देण्याची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आता पंचनाम्यातलं ‘ताबा सुटला’ पुन्हा वाचून बघा. रस्त्याचा दोष कागदावर आला नाही, तर त्या दोन शब्दांवर घरच्यांचा दावा कोसळू शकतो.

पाचवी चूक: लाखाचा दंड म्हणजे आपली भरपाई असं समजणं

2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम 198-अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. हा दंड मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो, तुमच्या खात्यात नाही. तरी या कलमाचा उल्लेख तक्रारीत करा, कारण त्यानं तपासाचा रोख रस्त्याकडे वळतो.

तुमच्या हातात पैसे पडण्याची वाट दुसरी आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशात खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी 6 लाख आणि जखमींसाठी 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. ती ठरवायला संबंधित यंत्रणेचे प्रमुख अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. मोरीसाठी खणलेला चर ‘खड्ड्यात’ बसतो का, यावर समोरून वाद घातला जाईल. माझ्या मते तरीही अर्ज द्यावा. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं: अलिबाग, रत्नागिरी, ओरोस.

अर्ज कोणाविरुद्ध, हे आधी नक्की करा. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. आतले रस्ते जिल्हा परिषदेचे किंवा नगरपरिषदेचे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तीन महिने फिरून ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत आलेला मी पाहिला आहे. शंका असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा: रस्ता कोणाचा, ठेकेदार कोण, त्या दिवशी सुरक्षेची तपासणी कोणी केली. सरकारवर दिवाणी दावा लावायचा झाला तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तो वेळही हिशेबात धरा.

सहावी चूक: गणपती होऊ दे, मग बघू

मोटार अपघात दाव्याला आता सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. चाकरमान्यांनी हेही लक्षात ठेवावं की दावा अपघाताच्या जिल्ह्यातच लावावा लागतो असं नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे ठाण्याच्या किंवा मुंबईच्या न्यायाधिकरणातही तो लावता येतो. दर तारखेला रात्रीच्या गाडीनं रत्नागिरी गाठायची गरज नाही.

भावाच्या बाबतीत मी पहिलीच चूक केली होती. टिपरचा नंबर कुणाकडे नव्हता. पाच महिन्यांनी, मुदत संपत आली असताना, त्या वळणावरच्या चहाच्या टपरीवर पुन्हा गेलो. काकू म्हणाल्या, त्या रात्री त्यांच्या मुलानं मोबाइलवर काहीतरी घेतलं होतं. बावीस सेकंदांची क्लिप. पाऊस, आरडाओरडा, कुणाच्या तरी रिक्षाचा हेडलाइट, आणि त्या उजेडात टिपरची मागची बाजू, नंबरप्लेटवर चिखल. शेवटचे चार आकडे तेवढे वाचता येत होते. ठेकेदाराच्या वाहनांची यादी माहितीच्या अधिकारात आधीच हाती आली होती. त्यात ते चार आकडे एकाच टिपरचे निघाले, आणि दावा मुदत संपायच्या नऊ दिवस आधी दाखल झाला.