क्षारयुक्त पाण्यात गीझरचे एलिमेंट बदलताना

जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार तापलेल्या एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या दांड्यावर) कवचासारखे बसतात, त्यामुळे उष्णता पाण्यात न जाता आतच कोंडते आणि एलिमेंट अखेर जळते. म्हणून केवळ नवा भाग बसवून थांबू नये. मुख्य वीजपुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करून, येणारे पाणी बंद करावे व टाकी रिकामी करावी. पाणी निवल्याशिवाय मात्र हात घालू नये. एलिमेंट काढल्यावर टाकीच्या तळाशी साचलेला पांढरा गाळ पूर्ण काढावा. हे काम कंटाळवाणे असले तरी माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण नवे एलिमेंट त्या गाळात रुतले तर तेही लवकर जाते. नवे एलिमेंट जुन्याइतक्याच व्होल्ट व वॅटचे घ्यावे, गॅस्केट (गळती रोखणारी रबरी चकती) नवेच लावावे आणि अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला, स्वतः झिजणारा धातूचा दांडा) झिजला असल्यास तोही बदलावा. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत वीज सुरू करू नये, कारण कोरडे एलिमेंट काही क्षणांत जळू शकते. पुढे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये. पाणी जितके जास्त तापते, तितके क्षार वेगाने साचतात.