प्लॅटिनमवर आयन चिकटलेत का, हे सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं) कसं बघायचं

सगळ्यात आधी साफसफाई, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो. काचेचं सगळं सामान अल्ट्राप्युअर पाण्यात उकळून घ्या, प्लॅटिनमची वायर ज्योतीत लाल करा आणि ०.१ मोलर पर्क्लोरिक अॅसिडमधून नायट्रोजन सोडत रहा म्हणजे ऑक्सिजन निघून जाईल. पर्क्लोरेट मुद्दाम घ्यायचं, ते पृष्ठभागाला फारसं चिकटत नाही, सल्फेट मात्र चिकटतं.

रेफरन्सला, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं त्या इलेक्ट्रोडला, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड शक्यतो नकोच, त्यातून क्लोराइड झिरपतं आणि मग तुम्ही तेच मोजत बसता. रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरा.

आता व्होल्टेज ०.०५ ते १.२ व्होल्ट, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, असं करंटचा वक्र स्थिर होईपर्यंत फिरवत रहा. साधारण ०.४ व्होल्टच्या खाली प्लॅटिनमवर हायड्रोजन चिकटण्या-सुटण्याचे पीक (करंटचे उंचवटे) दिसतात, डबल लेयरचा करंट (पृष्ठभागालगत आयनांचा थर नुसता चार्ज होण्याचा) वजा करून त्यांचा चार्ज काढा आणि २१० मायक्रोकुलंब प्रति चौरस सेंटीमीटरने (हायड्रोजनच्या एका पूर्ण थराचा चार्ज) भागा, खरं क्षेत्रफळ मिळतं.

मग थोडंसं हायड्रोक्लोरिक अॅसिड टाका, १ मिलिमोलर पुरे. क्लोराइड आपलं पाण्याचं कवच अर्धवट सोडून थेट धातूला भिडतं, जागा अडवतं, त्यामुळे प्लॅटिनमवर ऑक्साइड बनायला जास्त पोटेन्शियल लागतं आणि हायड्रोजनच्या पीकचा आकारही बदलतो, हा फरक डोळ्यांनी बघण्यात खरंच मजा आहे! ब्रोमाइड याहून घट्ट बसतं, आयोडाइड तर सगळ्यात घट्ट, म्हणून ते शेवटी घ्या आणि नंतर वायर पुन्हा ज्योतीत धरा.